आतड्याची पारख

गव्हाच्या कणकेचा लिंबाएवढा गोळा घट्ट मळून अर्धा तास झाकून ठेवा. मग तो पातेलीभर पाण्यात धरून हलक्या हाताने चुरत राहा. पाणी दुधासारखे होईल. ते ओतून नवे घ्या. चार-पाच पाण्यांनंतर पांढरेपणा सरतो आणि हातात उरतो एक करडा, चिवट, रबरासारखा ताणला जाणारा लगदा. वाहून गेले ते पिष्ट, कुरडया करणाऱ्या बायका ज्याला चीक म्हणतात ते. हातात राहिले ते ग्लूटेन. इटलीतल्या बोलोन्याचे प्राध्यापक याकोपो बेक्कारी यांनी नेमके हेच करून पाहिले आणि १७४५ मध्ये ते छापून आले. असला पदार्थ प्राण्यांच्या शरीरातच सापडतो अशी तोवरची समजूत होती. तो गव्हाच्या दाण्यात निघाल्याचे तेव्हाच्या विद्वानांना मोठे नवल वाटले. पोळी लाटताना फाटत नाही, फुलका निखाऱ्यावर टम्म फुगतो, पावाला जाळी पडते, ही सारी या लगद्याची करामत. ज्वारीत तो नाही, म्हणून भाकरीचे पीठ गरम पाण्यात मळावे लागते आणि तरीही भाकरी थापावीच लागते.

हाच लगदा जगातल्या साधारण शंभरांतल्या एका माणसाच्या लहान आतड्याला शत्रू वाटतो. गहू, जव आणि राय या धान्यांतली ही प्रथिने पोटात गेली की त्या माणसाची रोगप्रतिकारयंत्रणा स्वतःच्याच आतड्यावर चालून जाते. या विकाराचे नाव सिलिअ‍ॅक. आपल्याकडे त्याला सर्रास ‘गव्हाची अ‍ॅलर्जी’ म्हणतात, आणि ही चूक नुसती शब्दाची नाही. अ‍ॅलर्जीत गांधी उठतात, ओठ सुजतात, आणि उपचार मिळाला की बहुधा सारे ओसरते. सिलिअ‍ॅक आयुष्यभर पाठ सोडत नाही. त्याचे नाते टाइप-१ मधुमेहाशी आणि थायरॉइडच्या स्वप्रतिकार विकारांशी आहे. ‘अ‍ॅलर्जी’ म्हटले की माणसे अधूनमधून थोडे खाऊन बघतात, आणि तिथेच घात होतो.

पण मला विचाराल तर त्या एकाच्या आतड्यात काय बिघडते यापेक्षा उरलेल्या नव्व्याण्णवांच्या आतड्यात ते का बिघडत नाही, हे कोडे मोठे आहे.

लहान आतडे म्हणजे सहा-सात मीटर लांबीची नळी. तिची आतली बाजू सपाट नसते. तिला घड्या, घड्यांवर मखमलीसारखे दाट रसांकुर आणि त्या अंकुरांवरच्या प्रत्येक पेशीला पुन्हा सूक्ष्म केसरांची झालर. जुन्या पुस्तकांत हा सारा पसारा टेनिसच्या मैदानाएवढा सांगितलेला असे. २०१४ मध्ये स्वीडनच्या संशोधकांनी नव्याने मोजमाप करून तो सुमारे ३० चौरस मीटरवर आणला, म्हणजे मुंबईतल्या एका लहानशा वन रूम किचनएवढा. या सगळ्या पसाऱ्यावर अन्न आणि रक्त यांच्यामध्ये पेशींचा एकच थर असतो, केसाच्या जाडीहूनही पातळ. तो चार-पाच दिवसांत झडतो आणि नवा येतो. गेल्या रविवारी जे अस्तर तुमचे जेवण शोषत होते, त्यातले आज जवळजवळ काहीही उरलेले नाही.

त्या थरामागे पहारा आहे. शरीरातल्या रोगप्रतिकारक पेशींचा फार मोठा जमाव आतड्यात असतो. परके प्रथिन दिसले की तुटून पडायचे, हे या पेशींचे काम. आणि आपण तर रोज पानात वाढून घेतो ती सगळी परकीच प्रथिने : तुरीची, बांगड्याची, म्हशीच्या दुधाची. तीच थेट रक्तात टोचली तर जिवावर बेतेल. तोंडाने गेली तर पहारेकरी मान वळवतात. १९११ मध्ये अमेरिकेतल्या गिडिअन वेल्स यांनी गिनीपिगांवर हे दाखवून दिले. ज्या जनावरांना आधी अंड्यातले प्रथिन खायला घातले होते, त्यांना नंतर तेच टोचल्यावर झटका आला नाही. जे प्रथिन तोंडावाटे ओळखीचे होते, त्याला शरीर सोसू लागते.

हे सोसणे आळसातून येत नाही. ते रोज कमवावे लागते. अस्तरामागच्या शाखापेशी आपले लांब हात पसरून अन्नाचे नमुने उचलतात आणि जवळच्या लसिकाग्रंथीत नेऊन टी पेशींना दाखवतात. भोवतालचे वातावरण शांत असेल तर जीवनसत्त्व ‘अ’पासून झालेल्या एका रसायनाच्या साहाय्याने त्यातून आवर घालणाऱ्या टी पेशी घडतात, त्या इतरांना थोपवून धरतात. वातावरण तापलेले असेल तर तोच नमुना पाहून लढणाऱ्या पेशी तयार होतात. कोणता नमुना आला आणि कोणत्या हवेत आला, या दोन्ही गोष्टी पारखल्या जातात. पुढची सगळी कथा या ‘हवे’ची आहे.

सिलिअ‍ॅकचे सगळ्यांत जुने वर्णन दुसऱ्या शतकाच्या सुमाराचे. आजच्या तुर्कस्तानातल्या कॅपाडोशियाचा ग्रीक वैद्य अरेटियस याने अन्न न पचता वाहून जाणारा आणि माणसाला वाळवत नेणारा एक जुनाट जुलाब नोंदवला. ग्रीक भाषेत ‘कोइलिया’ म्हणजे पोट, त्यावरून नाव पडले. त्यानंतरचे मोठे नाव थेट १८८७ चे. लंडनच्या ग्रेट ऑर्मंड स्ट्रीट बालरुग्णालयात सॅम्युएल गी यांनी या आजारावर व्याख्यान दिले : हातपाय काड्यांसारखे, पोट फुगलेले, शौच फिकट आणि दुर्गंधीयुक्त, आणि बहुतेक रुग्ण एक ते पाच वर्षांची मुले. हा आजार बरा व्हायचाच असेल तर तो आहारानेच होईल, हे गी यांनी अचूक सांगितले. कोणत्या आहाराने, ते मात्र चुकले. त्यांनी भात आणि साबुदाणा बंद केला आणि पावाचे पातळ, दोन्ही बाजूंनी खरपूस भाजलेले काप चालतील म्हटले! एका मुलाला रोज सव्वा लिटरच्या आसपास डच शिंपले खायला दिले आणि ते झपाट्याने सुधारले. शिंपल्यांचा हंगाम सरला तसे ते पुन्हा खालावले, आणि पुढच्या हंगामात त्याने शिंपल्यांना तोंड लावायलाही नकार दिला. मुलाची काही चूक नव्हती.

१९२४ मध्ये न्यूयॉर्कचे सिडनी हास यांनी केळ्यांचा आहार सुरू केला. मुले बरी झाली आणि कित्येक वर्षे श्रेय केळ्याला मिळाले. वास्तविक त्या आहारात पाव बंद होता, एवढेच त्यातले रहस्य.

ते उलगडले नेदरलँड्समध्ये. हेगच्या युलियाना बालरुग्णालयाचे विलेम-कारेल डिके यांना पावाचा संशय तीसच्या दशकापासूनच होता. १९४४-४५ च्या हिवाळ्यात जर्मन सैन्याने देशाच्या पश्चिम भागाची अन्नाची वाट अडवली. माणसे ट्यूलिपचे कांदे उकडून खाऊ लागली. सुमारे वीस हजार जण उपासमारीने गेले. त्या भीषण दिवसांत सिलिअ‍ॅकची मुले इतरांप्रमाणे खंगायला हवी होती. पण पाव मिळेनासा झाला आणि त्यांची तब्येत सुधारली. युद्ध संपता संपता पीठ आणि पाव पुन्हा आला, तेव्हा सगळे शहर आनंदात असताना हीच मुले पुन्हा आजारी पडली. डिके नुसत्या निरीक्षणावर थांबले नाहीत. रसायनतज्ज्ञ व्हान दे कामर आणि बालरोगतज्ज्ञ वायर्स यांच्यासोबत त्यांनी मुलांच्या शौचातली चरबी दिवसेंदिवस मोजली : गहू दिला की वाढते, तांदूळ-मका दिला की उतरते. १९५० मध्ये डिके यांचा प्रबंध युट्रेक्टला सादर झाला. मग या मंडळींनी गव्हाच्या पिठाची वाटणी केली, बेक्कारींनी केली होती तीच. चीक निर्दोष निघाला. अपराध चिवट लगद्याचा होता.

लगदाच का? याचे सुंदर उत्तर यायला २००२ साल उजाडले. मुंबईच्या आयआयटीत शिकलेले चैतन खोसला यांच्या स्टॅनफर्डमधल्या प्रयोगशाळेने ग्लूटेनमधला ३३ अमिनो आम्लांचा एक तुकडा वेगळा काढला. प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांची माळ; पाचकरस ती ठरावीक मण्यांपाशी तोडतात. या तुकड्यातल्या ३३ मण्यांपैकी १३ प्रोलीनचे आणि १० ग्लुटामीनचे आहेत. प्रोलीनचा मणी मुळातच वाकडा. आपल्या पाचकरसांच्या कात्रीला तो पकडताच येत नाही. जठर झाले, स्वादुपिंड झाले, आतड्याच्या केसरांवरची विकरे झाली, तरी तो तुकडा शाबूत. आणि हे सिलिअ‍ॅकच्या रुग्णापुरते नाही. माझ्या-तुमच्या पोटातही सकाळच्या पोळीतले काही तुकडे असेच न तुटता फिरत असतात. गहू पूर्णपणे पचवणारा माणूस अस्तित्वातच नाही.

न पचलेला तुकडा अस्तराच्या पलीकडे गेला की त्याची गाठ ट्रान्सग्लुटामिनेज या विकराशी पडते. जखमा सांधणे हे त्याचे नेहमीचे काम. ते तुकड्यातल्या काही ग्लुटामीनचे रूप बदलून त्यांना ऋण विद्युतभार देते. आता काही माणसांच्या शाखापेशींवर डीक्यू-२ किंवा डीक्यू-८ नावाची एक खोबण जन्मतः असते, आणि ऋणभाराचा तुकडा तिच्यात असा चपखल बसतो की जणू तिच्यासाठीच कापला होता. खोबणीतला तुकडा पाहून टी पेशी चवताळतात. त्यांच्या चिथावणीने अस्तरातले मारेकरी आपल्याच पेशींना मारतात, आणि बी पेशी प्रतिपिंडे बनवतात, तीही ग्लूटेनवर आणि त्याला चिकटलेल्या आपल्याच ट्रान्सग्लुटामिनेजवर. १९९७ मध्ये बर्लिनच्या डिटेरिख आणि शुप्पान यांनी हे लक्ष्य ओळखले, आणि आजची रक्ततपासणी त्यातूनच आली. रसांकुर झिजत जातात. मखमलीची जमीन होते. लोह जिथे शोषले जाते तो आतड्याचा सुरुवातीचा भाग आधी मार खातो, म्हणून कित्येक रुग्णांना जुलाब कधी होतच नाहीत. लोहाच्या गोळ्यांना दाद न देणारा अशक्तपणा, खुंटलेली उंची, तिशीतच ठिसूळ झालेली हाडे, एवढेच दिसते.

इथवर सगळे सुसंगत आहे. मग घोटाळा सुरू होतो.

ती खोबण भारतात साधारण तिघांपैकी एकाकडे असते. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणीत देशाच्या तीन भागांतल्या २३ हजारांहून अधिक निरोगी प्रौढांचे रक्त तपासले गेले. खोबणीची जनुके तिन्हीकडे जवळपास सारखी. पण सिलिअ‍ॅकचे प्रमाण उत्तरेत १.२३ टक्के, ईशान्येत ०.८७ टक्के आणि दक्षिणेत अवघे ०.१० टक्के. गव्हाच्या मापाकडे बोट दाखवावे, तर उत्तरेत माणशी रोजचा गहू ४५५ ग्रॅम, ईशान्येत ३७ आणि दक्षिणेत २५. उत्तर आणि दक्षिण यांच्यातला फरक त्याने समजतो; पण ३७ आणि २५ ग्रॅममधला फरक तो किती, आणि प्रमाण मात्र जवळजवळ नऊपट! जनुक हवे, गहू हवा, आणि आणखी काहीतरी हवे.

ते काहीतरी काय, याचा सगळ्यांत मोठा धडा स्वीडनने दिला. १९८४ ते १९९६ या काळात तिथे दोन वर्षांखालच्या मुलांत सिलिअ‍ॅकची अक्षरशः साथ आली. प्रमाण चौपट झाले आणि मग एकाएकी उतरले. जनुके बारा वर्षांत बदलत नाहीत. बाळाला गहू कधी, किती आणि अंगावरचे दूध चालू असताना की सुटल्यावर द्यायचा, याचे रिवाज त्या काळात बदलले होते, म्हणून वर्षानुवर्षे बोट तिकडे होते. मात्र २०१४ मध्ये दोन काटेकोर युरोपीय चाचण्यांनी सांगितले की गहू लवकर सुरू केला काय किंवा उशिरा, शेवटी फारसा फरक पडत नाही. दरम्यान उमेओ विद्यापीठातल्या संशोधकांना रुग्ण मुलांच्या आतड्याचे तुकडे इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहताना अस्तराला चिकटलेले सळईसारखे जिवाणू दिसले. साथीच्या काळात जन्मलेल्या मुलांत ते पुष्कळ आढळले, नंतरच्यांत क्वचित. गुन्हेगार की नुसते बघे, हे त्यावरून ठरत नाही. पण तपासाची दिशा बदलली.

कारण आतड्यातली ‘हवा’ ठरवण्यात जिवाणूंचा हात मोठा. आपल्या अंगात सुमारे ३८ लाख कोटी जिवाणू आहेत, जवळजवळ आपल्या स्वतःच्या पेशींइतकेच. ते अन्नही पचवतात, आणि आपल्यापाशी नसलेल्या कात्र्या त्यांच्याकडे असतात. कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठात एलेना व्हर्दू यांच्या गटाने २०१६ मध्ये एक लखलखीत प्रयोग केला. जिवाणूविरहित वाढवलेल्या उंदरांना एकेक जातीचे जिवाणू देऊन त्यांनी ग्लूटेन खायला घातले. सिलिअ‍ॅकच्या रुग्णांतून मिळालेल्या स्यूडोमोनास या जिवाणूने ग्लूटेन कापले खरे, पण अशा जागी की तुकडे अस्तरातून अधिक सहज पलीकडे गेले आणि टी पेशी जास्तच भडकल्या. निरोगी माणसाच्या आतड्यातल्या लॅक्टोबॅसिलस जिवाणूंनी तेच तुकडे आणखी बारीक केले, इतके की पहारेकऱ्यांना ते ओळखूच येईनात. घास तोच, आतडे तेच. फरक कोणी कुठे कापले याचा.

असा प्रयोग वाचला की मनात लगेच येते : मग चांगले जिवाणू गोळीत घालून देऊ या की. ही कल्पना शंभर वर्षांहून जुनी आहे. १८९९ मध्ये पॅरिसच्या पाश्चर संस्थेत आँरी तिसिए यांनी अंगावर पिणाऱ्या बाळांच्या शौचात इंग्रजी वाय अक्षराच्या आकाराचे, दुबोटे जिवाणू पाहिले. तेच आजचे बिफिडोबॅक्टेरियम. त्यांची कहाणी विलक्षण आहे. आईच्या दुधात काही शर्करा अशा असतात की ज्या बाळाला मुळी पचतच नाहीत. आई त्या कुणासाठी बनवते? या जिवाणूंसाठी. बाळासोबत ती त्याच्या आतड्यातल्या राखणदारांचेही पोट भरत असते. पुढे त्याच संस्थेतले इल्या मेचनिकोव्ह यांनी बल्गेरियाच्या दीर्घायुषी शेतकऱ्यांच्या दह्यावर बोट ठेवले, आणि दही युरोपात औषधासारखे विकले जाऊ लागले. आपल्याकडे विरजणाची वाटी शेजारून मागून आणण्याची रीत होती, तिचे शास्त्र हेच. फक्त आपण ते विकायला काढले नव्हते. प्रोबायोटिकची आजची व्याख्या २००१ मध्ये जागतिक आरोग्य संघटना आणि अन्न व शेती संघटना यांच्या तज्ज्ञांनी केली : पुरेशा मात्रेत घेतल्यास आरोग्याला लाभ देणारे जिवंत सूक्ष्मजीव. यातला प्रत्येक शब्द वजनाचा आहे. घरचे दही जिवंत असते आणि चांगलेही असते. पण त्यात नेमका कोणता वाण, किती संख्येने आहे, हे कुणी मोजलेले नसते, म्हणून चाचणीतल्या वाणाचे गुण त्याच्या नावावर लिहिता येत नाहीत.

चाचण्यांनी काय दाखवले? ब्यूनोस आयर्समध्ये अजून गहू खात असलेल्या २२ रुग्णांना २०१३ च्या अभ्यासात तीन आठवडे बिफिडोबॅक्टेरियमची एक जात दिली. अपचन आणि बद्धकोष्ठ कमी झाले, पण आतड्याची गळती, म्हणजे अस्तरातून नको ते पलीकडे झिरपणे, होती तशीच राहिली. स्लोव्हेनियात ४९ मुलांवर झालेल्या अभ्यासात तीन महिने त्याच कुळातले दोन वाण दिल्यावर रक्तातला दाह वाढवणारा एक घटक उतरला. गोळ्या थांबवून तीन महिने झाले तसा तो पुन्हा वर चढला. इटलीत पथ्य पाळूनही पोटाची कुरकुर न थांबलेल्या १०९ जणांना पाच वाणांच्या मिश्रणाने सहा आठवड्यांत आराम मिळाला. ऑस्ट्रेलियात ४५ जणांना एक नावाजलेले मिश्रण बारा आठवडे दिले आणि शौचातल्या जिवाणूंत काही फरकच पडला नाही. आकडे पुन्हा बघा : बावीस, एकोणपन्नास, एकशे नऊ, पंचेचाळीस. इतक्या थोड्या माणसांवरून, दर वेळी वेगळा वाण आणि वेगळी मुदत घेऊन, ठाम काही म्हणता येत नाही. अमेरिकेतल्या जठरांत्रतज्ज्ञांच्या संघटनेने २०२३ च्या मार्गदर्शक सूचनांत तेच नोंदवले : सिलिअ‍ॅकवर उपचार म्हणून प्रोबायोटिक द्या किंवा देऊ नका, यातले काहीही सांगण्याइतका पुरावा नाही.

मला स्वतःला यातला सगळ्यांत आशादायक प्रयोग गोळ्यांचा वाटत नाही, पिठाचा वाटतो. २००४ मध्ये इटलीतल्या संशोधकांनी निवडक लॅक्टोबॅसिलस जिवाणूंनी पीठ २४ तास आंबवले आणि त्याचा पाव १७ रुग्णांना खायला दिला. साध्या यीस्टच्या पावाने त्यांच्यातल्या १३ जणांची आतड्याची गळती वाढली होती; आंबवलेल्या पावाने त्याच तेरांत ती वाढली नाही. म्हणजे जिवाणूंना कापायचे काम आतड्यात देण्याऐवजी परातीतच उरकून घ्यायचे. पण सावध! तो प्रयोगशाळेत निवडलेल्या जिवाणूंचा पाव होता आणि त्यात गव्हाचे पीठ तीस टक्केच होते. बेकरीतला सावरडो पाव आणि घरी तीन दिवस भिजवून काढलेला, लगद्याचा अंश राहिलेला कुरडईचा चीक या रुग्णांना चालत नाही.

पथ्याला पर्याय नाही, आणि ते पथ्य किती बारीक आहे हे कळले की अंगावर काटा येतो. २००७ च्या एका इटालियन अभ्यासात रोज ५० मिलिग्रॅम ग्लूटेन तीन महिने पोटात गेल्यावर रसांकुरांना इजा झालेली दिसली. एका मध्यम पोळीत तीन ग्रॅमच्या आसपास ग्लूटेन असते. म्हणजे एका पोळीचा साठावा भाग! म्हणूनच ‘ग्लूटेनमुक्त’ म्हणून विकायच्या पदार्थात किलोमागे २० मिलिग्रॅमहून जास्त ग्लूटेन चालत नाही, असा आपल्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाचाही नियम आहे.

आणि आता या कथेतला बोचरा विनोद. २०१५ मध्ये न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठाच्या सिलिअ‍ॅक केंद्राने बाजारात सर्वाधिक खपणारी २२ प्रोबायोटिक उत्पादने तपासली. त्यांतल्या १२ मध्ये ग्लूटेन सापडले, आणि त्या बारांपैकी आठांच्या वेष्टनावर ‘ग्लूटेनमुक्त’ असे छापलेले होते. बहुतेकांत ते २० मिलिग्रॅमच्या मर्यादेच्या आत होते, काहींत वर. आतड्याला शांत करायला घेतलेल्या डबीतच त्याला डिवचणारी गोष्ट! तेव्हा डॉक्टरांनी पथ्याच्या जोडीला प्रोबायोटिक सुचवले तर घ्यायला हरकत नाही, पण वेष्टन वाचून आणि त्यांना विचारून. पथ्याऐवजी कुणी सुचवत असेल तर तो डॉक्टर बदला.

मराठी घरात हे पथ्य दिसते तितके अवघड नाही आणि वाटते तितके सोपेही नाही. ज्वारी, बाजरी, नाचणी, वरी, राजगिरा, तांदूळ, सगळ्या डाळी : आपल्या पणजीचे निम्मे स्वयंपाकघर मुळातच ग्लूटेनमुक्त आहे. अडचण गिरणीत होते. आधीच्या गिऱ्हाइकाचे गहू दळून झाले आणि त्याच जात्यात तुमची ज्वारी पडली, की पहिल्या किलोभर पिठात गहू उतरलाच. म्हणून या घरांत वेगळी घरगुती चक्की घेतात, पोळपाट-लाटणे वेगळे ठेवतात. डबीतल्या कुटलेल्या हिंगात बहुधा मैदा असतो, हे कित्येकांना वर्षानुवर्षे माहीत नसते. सातूच्या पिठात जव किंवा गहू असतो. सत्यनारायणाचा शिरा रव्याचा, आणि प्रसादाला नाही म्हणणे मुलाला जमत नाही. अशा घरी पूजेला बोलावलेत तर केळे-साखरेचा प्रसाद बाजूला काढून ठेवा.

पथ्य नीट सांभाळले की रसांकुर पुन्हा उगवतात. मुलांत काही महिन्यांत, मोठ्यांत कधी कधी काही वर्षांनी. जे अस्तर चार-पाच दिवसांत नवे होते त्याला दुरुस्तीची सवयच असते. पहारेकऱ्यांची आठवण मात्र जात नाही. गव्हाला ओळखणाऱ्या टी पेशी कित्येक दशके आतड्यात टिकून राहतात. म्हणून वीस वर्षांच्या पथ्यानंतरही एक पाव तीच चढाई सुरू करू शकतो.

प्रतिपिंडांचे तसे नाही. गहू बंद केला की ती काही आठवड्यांत उतरू लागतात, आणि मग रक्ततपासणी निर्दोष येते, आजार असतानाही. अलीकडे इंटरनेटवर वाचून परस्पर गहू सोडणाऱ्यांचे निदान इथेच अडते. कुणाचा अशक्तपणा लोह घेऊनही हटत नसेल, मुलाची उंची वाढत नसेल किंवा घरातल्या सख्ख्या नात्यात सिलिअ‍ॅक असेल, तर ट्रान्सग्लुटामिनेजच्या प्रतिपिंडांची तपासणी करून घ्या. सोबत एकूण आयजीए, म्हणजे ही प्रतिपिंडे ज्या प्रकारात मोडतात तो प्रकार, किती आहे तेही पाहायला सांगा, कारण काहींत तेच मुळात कमी असते आणि मग तपासणी फसवते. आणि निदान पक्के होईपर्यंत पोळी खात राहा.